मायावरमची पॅसेंजर आणि यांची मोटार

कुंभकोणम्, २७ जानेवारी २०२५

ती. सौ. महालक्ष्मीअक्कास गोदाचा सा. न. वि. वि.

फोनच केला असता, पण हे सदा शेजारी असतात. निवृत्तीनंतर यांनी मोटार घेतली, हे तुला ठाऊकच. नऊ तारखेला, रविवारी, मायावरमला माझ्या नणंदेच्या मुलीला, कीर्तीला पाहायला तंजावरची मंडळी येणार. हे म्हणतात, मोटारीनं जाऊ. परवा दारासुरमला जाताना रस्त्यात म्हैस बसली, तर ती उठेपर्यंत हे थांबले! मी पॅसेंजरनं जाणार. रूळ आणि रस्ता शेजारूनच जातात. कोण आधी पोचतं बघू.

लोभ वाढता ठेव.
गोदा

चेन्नई, १ फेब्रुवारी

चि. सौ. गोदास अनेक आशीर्वाद.

नवरा मोटार हळू चालवतो, ही तक्रार मी आजवर कुठल्या बायकोच्या तोंडून ऐकली नव्हती. जा बाई पॅसेंजरनं. काय ठरलं ते मात्र सविस्तर कळव.

आठवण असू दे.
तुझी अक्का

कुंभकोणम्, ११ फेब्रुवारी

ती. अक्कास सा. न. वि. वि.

गाडीत समोर एक बाई आणि त्यांचा मुलगा होता. तमिळमध्ये गप्पा झाल्या, मी पुडीची तिखट चटणी लावलेल्या इडल्या दिल्या. आडुतुरै स्टेशनापुढच्या बंद फाटकाशी बघते, तर रांगेत पहिली आमची मोटार! हे खाली उतरून काच पुसत होते. मी लगेच फोन लावला. मराठी कुणाला कळतेय, म्हणून मोठ्यानं सांगितलं, की लवकर या, मुलाची आई भारी खवचट आहे म्हणे, आणि मुलगा तिला विचारल्याशिवाय पाणीही पीत नाही. समोरच्या मुलाला जोराचा ठसका लागला.

मी नणंदेच्या घरी पोचले, तर दहा मिनिटांत दारात तीच माणसं! मुलगा विजयराघव, त्या त्याच्या मातोश्री. पोरीचं लग्न मी मोडलं, असं वाटून मला रडूच फुटलं. स्वयंपाकघरात कीर्तीला सगळं सांगितलं. ती सरळ बाहेर गेली, विजयराघवापुढे पाण्याचा तांब्या धरला आणि त्याच्या आईला विचारलं, की यांनी प्यावं ना? त्या इतक्या हसल्या, की डोळे पुसत आपल्याच मराठीत म्हणाल्या, हीच सून हवी मला. चैत्रात लग्न ठरलं.

हे तासभर उशिरा आले. तरी परतताना मी मोटारीतच बसले. तिथं माझं बोलणं ऐकायला फक्त हेच असतात.

धाकटीवर आहे तेवढी माया असू दे.
गोदा