विरजणाची आरोळी

व्हॉस, ५ डिसेंबर

प्रिय ऑडून,

अक्षर ओळखूनही पत्र उघडलंस, बरं केलंस. आम्ही ठीक. बर्फ गुडघ्यापर्यंत आलाय, तळं अजून गोठायचंय. बर्गनला तुमच्याकडे नेहमीसारखा पाऊसच असणार.

बातमी ही, की यंदाची नाताळची बिअर मी केली. एकटीनं, अंगणात, उणे चौदात. तांब्याचा मोठा हंडा, खाली चांगली वाळलेली लाकडं, पाण्यात जुनिपरच्या डहाळ्या. बाबा खिडकीशी बसून काचेवर काठी वाजवत होते. एकदा वाजवली की लाकूड घाल, दोनदा वाजवली की पुरे. बहुतेक वेळा मी ते आधीच केलेलं असायचं. ही फुशारकी आहे का? थोडी. पण मला हे काम येतं, ऑडून.

चुकले एकदाच. माल्टचा रस निवायला पिंप बर्फात रोवलं आणि आणखी लाकडं आणायला गेले. रस हवा होता धारोष्ण दुधाइतका, तो विहिरीच्या पाण्याइतका झाला. थोडा पुन्हा तापवून मिसळला. बाबांना कळलं नाही असं मी समजत होते. नंतर म्हणाले, "गाय गारठली होती काय गं?"

मग विरजण. ते घालताना पिंपात तोंड घालून ओरडायचं. जेवढी मोठी आरोळी, तेवढी बिअर जोरदार. हे काम कायम बाबांचं. आता त्यांचा आवाज दारापर्यंतही पोचत नाही. मला लाज वाटत होती. शाळेत इतिहास शिकवणारी, चाळिशी उलटलेली बाई मी. काठी वाजली. मी ओरडले, आणि डोंगरानं ते परत केलं.

थोड्याच वेळात टेकाडापलीकडून येर्मुंडकाका धापा टाकत आले. पायात घरातल्या सपाता, टोपी हातात. हंड्याकडे बघितलंही नाही, सरळ आत गेले आणि बाबांच्या खुर्चीसमोर थबकले.

"टोपी कुणासाठी काढलीस रे?" बाबा म्हणाले.

"गरम होतंय."

"उणे चौदात?"

"तुझ्या अंगणातून बाईमाणसाची किंकाळी ऐकू आली. मला वाटलं..."

"कळलं काय वाटलं ते. घाई करू नकोस. बिअर अजून फसफसायचीय."

तिघंही हसलो. हसू ओसरल्यावर मी बाहेर येऊन राख ओढत बसले.

वर नाताळची बिअर लिहिलंय. ते खोडत नाही, पण ते खरं नाही. नाताळला एवढी लागत नाही. आजोबांना पुरल्यावर गाव जेवायला आलं होतं, तेव्हा जेवढं माल्ट घेतलं तेवढंच बाबांनी घ्यायला लावलं. "माझ्या वेळची बिअर मी चाखून जाणार," म्हणाले. डॉक्टर नाताळचं नाव काढत नाहीत.

आणखी एक. आपलं विरजण धरून ठेवणारी ती लाकडी माळ घाणेरडी दिसते म्हणून तू साबणानं घासलीस, आणि बाबा चारचौघांत म्हणाले, "घराचा जीव घेतलास." तू गेलास. तेव्हापासून इथं बिअर झालीच नाही. या खेपेला बाबा म्हणाले, दुकानातलं घाल. मी मात्र येर्मुंडकाकूंकडे गेले. त्यांच्या बरणीतलं विरजण त्यांच्या लग्नाच्या वेळी आपल्याच घरून गेलेलं आहे. "आमच्या ह्यांना सांगू नको हो," काकू म्हणाल्या, "त्यांच्या पोटात काही राहत नाही."

आज सकाळी पिंप चांगलं ऊबदार लागलं, फेस झाकणाला टेकला होता. विरजण कुठलं ते मी बाबांना सांगितलं. त्यांनी काठी खाली ठेवली. मग म्हणाले, "म्हणजे मी उगाच बोललो." तुझं नाव घेतलं नाही. त्याला बोलाव, असंही म्हणाले नाहीत. तसं म्हणाले, असं मी लिहिलं असतं तर तू कदाचित आलाही असतास, पण ते खोटं झालं असतं.

शनिवारी बिअर पिंपातून काढायची. ती बाबांच्या समोर बसून प्यायची, की त्यांच्यामागे गावाच्या पंगतीत, एवढंच तुझ्या हातात आहे. दुपारच्या गाडीला मी स्टेशनवर उभी असेन. तू उतरला नाहीस तर मनाला लावून घेऊ नकोस, असं लिहिणार होते.

घे लावून.

तुझी ताई,
रागना