शेजाऱ्याची साक्ष

प्रिय ताई,

दचकू नकोस, घरी सगळे बरे आहेत. मांडीवर कागद ठेवून लिहितोय, तेव्हा अक्षरावरून मास्तरकी नको.

तुझा तो तास डोक्यातून जात नाही. तुझ्याकडे राहायला आलो होतो, खोलीवर कंटाळलो म्हणून विद्यापीठात तुझ्या वर्गात मागच्या बाकावर येऊन बसलो. म्हटलं चारशे वर्षांपूर्वीचा धर्म, छान डुलकी लागेल. तर तू डब्यात चिठ्ठ्या घेऊन आलीस. धर्माविरुद्ध बोलल्याचा खटला! न्यायाधीश, धर्मगुरू, साक्षीदार. माझ्यापुढेही डबा धरलास, ‘फुकट बसायचं नाही.’ मला साक्षीदार शेजाऱ्याची चिठ्ठी आली. मी कुठेही टिकलो नाही गं, शेजारी व्हायची ती पहिलीच वेळ. असो. डब्यात उरलेली शेवटची चिठ्ठी तुझी, आरोपी विणकर बाईची. टेबलापुढे उभी राहून तू म्हणालीस, ‘देवाला मधला माणूस लागत नाही.’ न्यायाधीश झालेल्या चष्मेवाल्या पोरीनं मला दरडावलं, ‘ही असं म्हणाली? हो की नाही?’ मी म्हटलं, हो. संपला खटला. पोरं खिदळली, ‘मॅडम, सख्खा भाऊच उलटला!’ तू मात्र हसली नाहीस. म्हणालीस, शेजारी वाईट नसायचे. प्रश्नच असा असायचा की एका शब्दात उत्तर द्यावं लागे. तो शब्द खरा असायचा, आणि तरी माणूस जिवानिशी जायचा.

मग कुणाच्या तरी वडिलांनी ते ‘मधला माणूस’वालं वाक्य तक्रारीत लिहिलं. त्यात चिठ्ठी नाही, विणकर बाई नाही. नुसतं वाक्य, आणि ते तुझं. पोरांनी ‘आठवत नाही’ म्हणून हात झटकले. परीक्षा तोंडावर, त्यांना तरी काय बोलणार. चौकशी समितीनं मग मला बोलावलं, तर काल तू माझी बॅगच भरून ठेवलीस. ‘तू तोंड उघडलंस की विषय कुठच्या कुठे जातो. माझी नोकरी टांगणीला लागलीय. सकाळच्या गाडीनं सूट!’ ओरडत होतीस आणि इकडे गॅसवर दूध उतू जात होतं. तुला पत्ता नव्हता. तुला इतकं घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

ताई, गाडी गेली, मी गेलो नाही. समितीच्या दाराबाहेर डुगडुगत्या बाकावर बसलोय. तू वाक्य सुरू करतेस आणि कुणीतरी मध्येच तोडतं, ते इथवर ऐकू येतंय. शिपाईकाका म्हणाले, तुझा माफीनामा टाइप होऊन आत तयार आहे. पुढचा नंबर माझा. मला हो की नाही विचारतील. पण तुला माहीत आहे, ‘जेवलास का’ विचारलं तरी मी बाजारापासून सुरुवात करतो. आज चिठ्ठ्यांच्या डब्यापासून करणार. मध्ये तोडलं तर पुन्हा डब्यापासून. काका पाण्याच्या ट्रेमधून हे पत्र तुझ्यापुढे ठेवतील. मी आत आलो की डोळे वटारू नकोस, आणि माझं सांगून होईपर्यंत पेनाचं टोपण काढू नकोस.

तुझाच,
मागच्या बाकावरचा