साहेबांचा खोकला

सोमवार, ९ तारीख

चि. ठमे,

अनेक आशीर्वाद. माझं बरं चाललंय. गुडघा कुरकुरतो, पण जिना चढू देतो. मोरीतल्या नळाचा वायसर मीच बदलला. फोनवर तू ‘हो’, ‘बरं’, ‘ठेवते’ यापुढे जात नाहीस, म्हणून लिहायला बसलो. पत्र निदान शेवटपर्यंत वाचशील.

साहेब ठीक आहेत. तू जाताना फ्रिजवर चिकटवलेले दोन्ही कागद मला पाठ झालेत. सकाळ-संध्याकाळ कंगवा, आधी पाठ, मग मांड्या. पोटाकडे हात नेला की साहेब चावतात. ओलं खाणं, तीन खोल्यांत पाण्याच्या तीन वाट्या. मूत्रपिंडाची गोळी सकाळी, हृदयाची अर्धी दोन्ही वेळा. केसांच्या गोळ्यासाठी ते ट्यूबमधलं मलम बोटभर पंजाला लावायचं, ते आपले आपण चाटतात. ‘जबरदस्तीने तोंडात काहीही घालायचं नाही’ याखाली तू तांबड्या पेनाने दोन रेघा मारल्या आहेस. पाहिल्या.

तुझ्या आईने या बोक्याचं नाव साहेब का ठेवलं, ते आठवतं ना? जन्मभर कारखान्यात साहेबांसमोर उभे राहिलात, आता घरीही सवय सुटायला नको, म्हणायची. तेरा वर्षं झाली. अजूनही खुर्ची त्यांचीच आहे.

शनिवारी जरा खोकले. केसांचाच गोळा असणार, ऋतू बदलला की होतंच त्यांना. आज दवाखान्यात दाखवून आणलं. डॉक्टरीणबाईंनी दोन दिवस ठेवून घेतलंय, नुसतं देखरेखीसाठी. काळजीचं काही नाही. तू ट्रेनिंग सोडून धावत यावंस असं तर मुळीच नाही.

तुझा,
बाबा

ता. क. तुझ्या कागदावर तेलाबिलाबद्दल वेगळं काही लिहायचं राहिलं होतं का? असंच विचारतोय.


शुक्रवार, १३ तारीख

चि. ठमे,

साहेब जिवंत आहेत. हे आधी लिहितो, म्हणजे पुढचं शेवटपर्यंत वाचशील. आशीर्वाद देतोच, घ्यायचे की नाही ते तू ठरव.

सोमवारच्या पत्रात मी खोटं लिहिलं. सगळं नाही, पण मुख्य तेवढं.

साहेब गुरुवारपासूनच ओकाऱ्या काढत होते. पोट जमिनीला, मान पुढे, घशातून आवाज, आणि बाहेर काही नाही. खाणं निम्म्यावर आलं होतं. तुझ्या कागदावर लिहिलंय, एका दिवसात गोळा पडला नाही तर फोन करा, आधी डॉक्टरांना, मग मला. मी दोन्ही केले नाहीत. तुला केला असता तर तू पहिलं विचारलं असतंस, “कंगवा फिरवत होतात ना?” पाच दिवस फिरवला नव्हता. खांदा दुखत होता, आणि आज नाही तर उद्या करू असं वाटत राहिलं. एवढंच कारण आहे, मोठं काही नाही.

शनिवारी सकाळी औषधांच्या दुकानातून पोट साफ करायचं पॅराफिनचं तेल आणलं. जाम झालेला नट असला की तेल सोडायचं, हात घट्ट ठेवायचा, याच्यावर माझी अख्खी नोकरी झाली. साहेबांना टॉवेलात गुंडाळलं, मांडीत धरलं आणि पिचकारीने तोंडाच्या कडेने तेल सोडलं. त्यांनी मान झटकली. मी जोर लावला. ते घुसमटले, जोराचा ठसका लागला, मग शांत झाले. मला वाटलं, गेलं पोटात.

रविवारी दुपारी ते पलंगाखाली जाऊन बसले. बरगड्या भराभर वरखाली होत होत्या. मी वाकून बघितलं आणि म्हणालो, उद्या बघू. सोमवारी सकाळी ते तोंड उघडं टाकून श्वास घेत होते. तेव्हा कुठे टोपलीत घालून नेलं.

डॉक्टरीणबाई तुझ्याच वयाच्या असतील. साहेबांना काचेच्या पेटीत प्राणवायू लावला, छातीचा फोटो काढला आणि मला आत बोलावलं.

“काका, फुफ्फुसात पांढरं दिसतंय. हृदय आधीच मोठं आहे, त्यामुळे पाणी साचलंय असं धरून चालते. तोंडाने काही पाजलं होतं का? औषध, दूध, तेल?”

“नाही,” मी म्हणालो.

“नक्की?”

“नाही पाजलं काही.”

माझा आवाज अगदी सरळ होता. घरी आलो, तुला ते पत्र लिहिलं आणि टपालपेटीत टाकून आलो.

मंगळवारी सकाळी गेलो तर साहेब पेटीत तसेच, एका कुशीवर. पाणी काढायची इंजेक्शनं देऊनही श्वासाचा वेग उतरला नव्हता. बाईंच्या कपाळावर आठ्या होत्या. म्हणाल्या, “डोस बराच वाढवावा लागणार. पण ह्यांची मूत्रपिंडं जेमतेम चालतात. एवढं पाणी काढलं तर ती बसतील. नाही काढलं तर श्वास बंद पडेल. तुमच्या मुलीला विचारा आणि इथे सही करा.”

इंजेक्शन भरून ट्रेमध्ये ठेवलेलं होतं. साहेब माझ्याकडे बघत होते असं लिहायला आवडलं असतं. ते कशाकडेच बघत नव्हते. मी पेन हातात घेतलं. सहीची पहिली रेघ ओढलीसुद्धा.

मग म्हणालो, “तेल पाजलंय मी. शनिवारी. जबरदस्तीने.”

बाईंनी तो ट्रे उचलून मागच्या टेबलावर ठेवला.

“किती?”

“पाच मिली असेल.”

“ठसका लागला होता?”

“हो.”

“काका, हे काल सांगितलं असतंत तर मी रात्रभर चुकीच्या आजाराचं औषध दिलं नसतं. ते पाणी नाहीये. ते तेल आहे.” मग म्हणाल्या, “घाबरला होतात का?”

हो म्हणालो. तेही पूर्ण खरं नाही. घाबरलो होतो, पण साहेबांसाठी नाही.

त्यांनी उपचार बदलले. बुधवारी साहेबांनी पेटीतच केसांचा गोळा टाकला, करंगळीएवढा, आपला आपण. शुक्रवारीच डॉक्टरांकडे नेलं असतं तर तेलाचा प्रश्नच नव्हता, असं बाईंनी मला तोंडावर सांगितलं. काल चमचाभर खाल्लं. आज घरी आणलंय. फुफ्फुसात गेलेलं तेल सगळं निघणार नाही, असं त्या म्हणतात. किती दिवस काढतील हे त्या सांगत नाहीत, आणि मीही विचारलं नाही.

आता दुसरं खोटं, याहून जुनं.

तीन वर्षांपूर्वी मोठ्या दवाखान्यात तुझ्या आईच्या खाटेशी डॉक्टरांनी मला विचारलं होतं, कधीपासून दुखतंय? मी म्हणालो, आज सकाळपासून. तेव्हाही माझा आवाज असाच सरळ होता. पुढे तू मला तीनदा विचारलंस. तिन्ही वेळा मी सकाळच सांगितली.

तिला आदल्या दुपारपासून दुखत होतं. आधी पाठीत, मग जबड्यात. “दाखवून यायचं का?” म्हणाली. मी म्हणालो, गॅस असेल, आणि सोडा दिला. संध्याकाळी तिने परत विचारलं. मी टीव्हीचा आवाजसुद्धा कमी केला नाही. मग ती आत जाऊन पडली. साहेब तिच्या पायाशी होते.

त्या संध्याकाळी तिने तुला फोन केला होता. तिच्या मोबाइलमध्ये मला नंतर दिसलं, अकरा मिनिटं. अकरा मिनिटांत तिने पाठीचं सांगितलं नसेल असं होणार नाही. म्हणजे तुला ठाऊक होतं. तू विचारत होतीस ते माझ्या तोंडून ऐकायला. मला हे त्याच आठवड्यात कळलं होतं, ठमे. तरी मी सकाळच धरून बसलो, आणि तू मला ‘तुम्ही’ म्हणायला लागलीस.

वेळेवर नेलं असतं तर ती वाचली असती का, मला माहीत नाही. डॉक्टरांनाही माहीत नसणार, कारण खरी वेळ त्यांना कोणी सांगितलीच नाही.

साहेबांना महिनाभर तरी लांबचा प्रवास झेपणार नाही, असं बाई म्हणतात. ते माझ्याकडे राहावेत की इथल्याच पलीकडच्या गल्लीतल्या तुझ्या मैत्रिणीकडे, हे तू ठरव. मैत्रिणीकडे म्हणालीस तर औषधं, कंगवा, कागद, सगळं घेऊन मी स्वतः पोचवीन, हू की चू करणार नाही. मला फोन कर असं म्हणत नाही. बाईंना मात्र कर, नंबर मागे लिहिलाय. तुझ्यापासून काही लपवू नका, असं त्यांना सांगून ठेवलंय. तेलाचं आणि कंगव्याचं त्यांच्याकडूनही ऐक, मी कुठे स्वतःला सावरून लिहिलं असेल तर कळेल.

आदल्या दुपारपासून सगळं माहीत असलेला,
तुझा बाबा