गादीखालच्या मोटारी

सोमवार, १ नोव्हेंबर १९९३

आज मोटारी बघितल्या! खऱ्या नव्हेत, फोटोतल्या. पण काय एकेक — पुढे कंदील लावलेले, चाकं बैलगाडीसारखी, आणि छपराचा पत्ता नाही. ऊन लागत नसेल का या लोकांना? पण तिकडे ऊन कुठलं म्हणा. युरोपात.

उज्ज्वल स्टुडिओत काळ्या खोलीत फोटो धुतो. एक फोटो कोपऱ्यात करपला तो घरी घेऊन आला. म्हणाला, आये, बघ, नव्वद वर्षांपूर्वीची मोटार. बुसैतीन गावात मुनीरा म्हणून एक म्हाताऱ्या बाई आहेत, इथल्याच, बाहरीनच्या, अरबी. त्यांच्या यजमानांना जुन्या मोटारींच्या फोटोंचा नाद. तेव्हा म्हणे फिल्म नव्हती, काचेवर फोटो उतरायचा. ते युरोपात जाऊन असल्या काचा शोधून आणायचे. यजमान गेले. आता बाईंनी पेटीच स्टुडिओत दिली आहे. मोठे मोठे फोटो करून हॉटेलच्या हॉलमध्ये लावायचे, यजमानांच्या आठवणीत. पुढच्या शुक्रवारी लोक बघायला येणार.

नात मैत्रीने फोटोतली पाटी वाचली — पॅरिस. म्हणाली मोटर शो. मी म्हटलं जत्राच की ही! फक्त पाळण्याच्या जागी मोटारी मांडल्यात. बायकांच्या डोक्यावर सुपाएवढ्या टोप्या, आणि एकीच्या टोपीत अख्खा पक्षी. मेलेला असणार. मैत्रीचे आजोबा महाडच्या डेपोत एसटी धुवायचे. त्यांनी ही मोटार बघितली असती तर आधी फडकं मागितलं असतं.

कोपरा करपलेला फोटो मी ठेवून घेतला.

मंगळवार, २ नोव्हेंबर

कंबर दुखते. सूनबाई श्रद्धा म्हणते एसीने. एसी तर तीही खाते, तिची का दुखत नाही?

गुरुवार, ४ नोव्हेंबर

आज घाईघाईने लिहितेय. अक्षर आधीच माझं विहारातल्या वर्गात शिकलेलं, त्यात हे.

उज्ज्वल दुपारीच घरी आला. बगलेत मोठं पाकीट. जेवला नाही. श्रद्धाने ऑफिसातून आल्यावर खोदून खोदून विचारलं तेव्हा बोलला. त्या काचांना दोन्ही अंगांनी दुसरी काच चिकटवलेली आहे, त्यामुळे सुलटी बाजू कुठली ते कळत नाही. ज्या फोटोत पाटी होती तो पाटीवरून लावला. पण आठ-नऊ फोटोंत पाटीच नाही. मग याने काय केलं, तर स्टेअरिंग बघितलं. ड्रायव्हर उजव्या हाताला येईल असे छापून टाकले.

आणि आज म्यानेजरने बघितले. म्यानेजर म्हणजे जैनुद्दीनभाई, आपल्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहतात, म्हसळ्याचे. माणूस वाईट नाही. पण आज सगळ्यांसमोर बोलले — "अरे, युरोपात स्टेअरिंग डावीकडं असतं. इथं रोज रस्त्यावर बघतोस ना? सगळे उलटे छापलेस!"

मी म्हटलं, बाबा, खरंच की, इथे डावीकडेच असतं, मलासुद्धा माहीत आहे. तर म्हणतो, "आये, अकरा वर्षं इथं बघतोय, पण डोक्यातली मोटार अजून महाडचीच आहे. हात आपोआप तसाच फिरला."

त्याचा व्हिसा डिसेंबरात संपतो. जैनुद्दीनभाईंनी सही केली तर पुढे. आज म्हणाले, व्हिसाचं नंतर बघू. नंतर म्हणजे काय? नंतर म्हणजे सामान बांधा. उज्ज्वलचा गेला की श्रद्धाचा गेला, मैत्रीची शाळा गेली, अर्ध्या वर्षात. मी काय, पाहुणी. डिसेंबरात जाणारच आहे. पण हे?

पाकिटात तेच उलटे फोटो होते. तो कचऱ्यात टाकायला निघाला. मी दिले नाहीत. माणसांचे चेहरे आहेत त्यावर, असे उष्ट्या-खरकट्यात कसे टाकायचे? मी गावी लग्नपत्रिकासुद्धा चुलीत घालत नाही. फोटो तळलेल्या पापडासारखे वळत होते. घातले माझ्या गादीखाली, उज्ज्वलच्या पँटी घालते तिथेच. इस्त्री मला जमत नाही, पण माझ्या गादीखालची घडी बघा म्हणावं.

शनिवार, ६ नोव्हेंबर

नसीमा जिन्यात भेटली. जैनुद्दीनभाईंची बायको. रोज दुपारी माझ्याकडे येते, दोघी भाजी निवडतो, ती म्हसळ्याचं सांगते, मी महाडचं. मी आले तेव्हा पहिल्या दिवशी तिनेच घावन पाठवले होते. आज तिच्या हातात कोथिंबीर, माझ्या हातात कोथिंबीर, आणि दोघी मुक्या. ती वर गेली, मी खाली.

कोथिंबीर निवडली एकटीने. अर्धी तशीच राहिली.

सोमवार, ८ नोव्हेंबर

उज्ज्वलने ते सगळे उलटे फोटो दुसऱ्या बाजूने छापले. ड्रायव्हर आता डावीकडे. मोठा कागद संपला म्हणे, दुबईहून यायला आठवडा. म्हणजे आता चूक करायचीही सोय नाही. जैनुद्दीनभाई बोलतात, पण कामापुरतंच. व्हिसाचं काही नाही.

संध्याकाळी वंदना घेताना माझं पंचशील मध्येच तुटलं. पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. मैत्री मागे बसली होती. म्हणाली, "आजी, डोन्ट वरी." पोरीला माझं सगळं कळतं, बोलते मात्र तिचंच. मी म्हटलं, वरी नाही गं, विसरले.

श्रद्धाने बॅगा खाली काढून पुसल्या. का पुसल्या विचारलं तर म्हणते धूळ होती.

बुधवार, १० नोव्हेंबर

फोटो हॉटेलात टांगले. उद्या मुनीराबाई बघणार. बस्स.

गुरुवार, ११ नोव्हेंबर

बाई गं! कुठून सुरू करू?

सकाळी मुनीराबाई हॉलमध्ये आल्या. उज्ज्वल तिथेच होता, शिडीवर. बाई एकेक फोटो बघत चालल्या. लहानपणी त्या मुंबईत होत्या, वडील मोत्यांचे व्यापारी, त्यामुळे हिंदी बोलतात, तीही मुंबईची. एका फोटोसमोर थांबल्या. मोटारीपुढे दोन साहेब हात मिळवत उभे. बाई बघतायत, बघतायत. मग म्हणाल्या,

"ये लोग बाएँ हाथ से सलाम करते हैं क्या?"

सगळ्यांनी बघितलं. दोघांचेही डावे हात! टांगणाऱ्यांना दिसलं नाही, जैनुद्दीनभाईंना दिसलं नाही, उज्ज्वललाही नाही. सगळे स्टेअरिंगच बघत बसलेले. इथल्या माणसाला मात्र डाव्या हाताचं लगेच खुपतं. जेवायला नाही, द्यायला नाही, सलामाला तर नाहीच.

जैनुद्दीनभाई म्हणाले, मॅडम, गाडीचं स्टेअरिंग लेफ्टला पाहिजे म्हणून… बाई म्हणाल्या, "मेरा आदमी चालीस साल ये फोटो दिखाया मेरे को. पहले उधर भी राइट में बैठके चलाते थे. बाद में बदला." रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या की उद्या लोक येणार, सीधा करो. आणि गाडीत बसून गेल्या.

म्हणजे उज्ज्वलचं पहिलंच बरोबर होतं! महाडची मोटार आणि पॅरिसची मोटार एकच निघाली!

पण कागद कुठे? दुबईत. उज्ज्वल सांगतो, जैनुद्दीनभाई डोकं धरून हॉलच्या पायरीवर बसले. तेव्हा याला आठवण झाली. म्हणाला, आमच्या आयेने एक वस्तू टाकली नाही कधी, चला घरी.

मी डाळ निवडत होते, गादीवर बसून. दारात जैनुद्दीनभाई, घामाघूम. बूट काढून आत आले, एक मोजा बुटातच राहिला.

"मावशी, ते फोटो हायत का?"

मी म्हटलं, बसा आधी, पाणी घ्या.

"बसायला वेळ नाय मावशी. फोटो कुठं हायत?"

"मी बसलेय त्याच्याखाली."

मला उठवलं, डाळीचं ताट उचललं, दोघांनी दोन्हीकडून गादी धरली. आधी पँटी निघाल्या, मग मैत्रीच्या चित्रांचे कागद, मग माझं एक पातळ — मेलं ते मी किती शोधत होते! — आणि मग मोटारी. एकही वळलेली नाही. कोऱ्या करकरीत नोटेसारख्या सपाट. उजेडात धरून बघितलं, दोघे साहेब उजव्या हाताने हात मिळवतायत, उज्ज्वलने छापले होते तसेच.

जैनुद्दीनभाईंनी एका फोटोची कड बोटाने चाचपून बघितली. मग म्हणाले, "आमच्या मशीनमधनं पण असे सपाट निघत नाय." उज्ज्वल हसला. मी म्हटलं, मशीनवर झोपायला लागतं मग.

गेले धावत. गादी तशीच उभी भिंतीला. मी जमिनीवर बसून एकटीच हसत होते. मग डोळ्यांतून पाणीच आलं. डाळ सगळी सांडली होती.

संध्याकाळी नसीमा आली. हातात सांदणं, नारळाच्या रसासकट. दारातच उभी. म्हणाली, "माझ्यावर राग हाय ना? काय करू, भागीरथाबाय. ह्यांना भ्या वाटत होतं, की उज्ज्वलच्या आधी आपल्यालाच घालवतील. घरात कोण जेवत नव्हतं. तुमच्या तोंडाकडं बघायची हिंमत नव्हती." मला हे सुचलंच नव्हतं! म्यानेजरलाही कोणी म्यानेजर असतो. मी म्हटलं, आत ये, कोथिंबीर माझी अर्धी पडली आहे तुझ्यावाचून.

शुक्रवार, १२ नोव्हेंबर

हॉटेलात गेले. पांढरी साडी नेसले, तेच सापडलेलं पातळ. कडक घडीचं! मैत्रीने हात धरला होता. केवढा तो हॉल, आणि भिंतीभर मोटारी. एक मोटार तर पुढून अशी, की जणू नाकात नथ घातली आहे. मैत्री नावं वाचत होती, मला एक लक्षात राहिलं नाही. पण माणसं लक्षात राहिली. एका मोटारीच्या मागे एक मुलगी उभी आहे, मोटारीकडे बघतच नाही, आपल्याकडे बघते.

मुनीराबाई भेटल्या. उज्ज्वलने सांगितलं, ही माझी आई, हिच्याच गादीखाली होते. बाई इतक्या हसल्या की त्यांच्या सुनेला वाटलं काहीतरी झालं. माझा हात धरून मला खुर्चीवर बसवलं, स्वतः शेजारी बसल्या. मी विचारलं, बाई, यातल्या कुठल्या मोटारीत बसलात का कधी? म्हणाल्या, "एक में भी नहीं. खाली फोटो देखा. वो दिखाता था, मैं देखती थी." मी म्हटलं, आमचे एसटी धुवायचे, मला पहिल्या सीटवर बसवायचे, एवढंच. म्हणाल्या, "तो तुम अच्छा." मग दोघी मोटारी बघत बसलो. बरं वाटलं.

जैनुद्दीनभाई सगळ्यांना सांगत फिरत होते की आमचा उज्ज्वल पहिल्या दिवसापासून बरोबर होता. ऐकून घेतलं. माणसाला परत चांगलं व्हायचं असेल तर होऊ द्यावं.

सोमवार, १५ नोव्हेंबर

सही झाली! जैनुद्दीनभाईंनी स्वतः वर बोलावून कागद दिला. पुढची दोन वर्षं काळजी नाही. रव्याचे लाडू केले, पूर्ण इमारतीत वाटले, खालच्या केरळवाल्यांनासुद्धा. नसीमाने चार खाल्ले आणि साखर वाढली म्हणून मलाच बोलली. बॅगा वर ठेवायला मीच श्रद्धाला मदत केली. किती हलकं वाटतंय!

गुरुवार, १८ नोव्हेंबर

उज्ज्वलने व्हिसाचा तो सहीचा कागद आज परत नेऊन दिला. जेवताना सांगितलं, ताटाकडे बघत. "आये, व्हिसाचं नंतर बघू म्हणाले ना, तेव्हा मला सुटल्यासारखं झालं. अकरा वर्षं अनोळखी माणसांचेच चेहरे धुतोय. पण तू गावभर सांगतेस, मुलगा बाहरीनला आहे. तुला काय वाटेल म्हणून बोललो नाही." श्रद्धा हळूच म्हणाली, मलाही तसंच झालं होतं. आणि मी लाडू वाटत फिरतेय! मी म्हटलं, अरे, मग चल की. गावाला दुसरं सांगीन. मैत्री मराठीत नाही बोलली, पण तिकडे समुद्र आहे का विचारलं. नदी आहे म्हटलं.

माझ्या तिकिटाला लागून आणखी तीन मिळतात का, ते विचारायला उज्ज्वल आत्ताच खाली तिकीटवाल्याकडे गेला. घाईत माझी चप्पल घालून गेलाय.