तळच्या माशांचं जेवण

माय, आज लेपा माशाचं पोट चिरताना तुझी आठवण आली आणि प्रयोगशाळेत मी एकटीच हसले. समुद्राच्या तळाशी चिखलात पडून राहणारा हा चपटा मासा काय खातो, हे पाहण्याचाच मला पगार मिळतो. जळगाव जामोदच्या बाजारात मेथीच्या जुड्या विकता विकता तू ते कुणालाही ऐकवायचीस, "माही पोरगी मासे जेवले का नाई ते पाह्यते!" गळ्यात तुळशीची माळ, जन्मात मासा शिजवलेला नाही, आणि तोरा केवढा!

नोकरी लागल्यावर पहिल्यांदा घरी आले तेव्हा मात्र मला एकच धास्ती होती. मासे चिरणाऱ्या हातची भाकर माळकरी बाई खाईल का? निघेपर्यंत कापाकापीच चालली होती, म्हणून गाडीत वाटभर हाताला लिंबाच्या फोडी चोळत आले. तू चुलीपाशी बसलेली. परात माझ्याकडे सरकवतेस आणि म्हणतेस, "थांब वं. हात दाखव." माझा हात नाकाशी धरतेस. "काई नाई. जवारीच्या पिठाचा वास येऊन राह्यला. थाप भाकर."

मी थापलेल्या वेड्यावाकड्या भाकरी तू ठेच्यासोबत चवीनं खाल्ल्यास, आणि खाता खाता माझ्या माशांची चौकशी केलीस. मी सांगितलं, लेपा गाळातले किडे खातो, शिंगाळा मिशांनी चाचपडत मिळेल ते गिळतो, काहींचं पोट तर रिकामंच निघतं. तुझा घास हातातच राहिला. "उपाशीच मेले का वं बिचारे?" तेव्हापासून अमावास्येला माशांसाठी नदीच्या डोहात टाकायच्या कणकेच्या गोळ्या तू ओल्या वाळूत घोळवायला लागलीस, बुडून खाली जाव्यात म्हणून. "वरचे लय हावरे. तळच्यायले कोन वाढते?" डोहातल्या गोळ्या माझ्या खाऱ्या पाण्यातल्या माशांना कशा पोचणार, हे विचारायची माझी काय बिशाद!

आता मीही कामाच्या बोटीवरून तशाच गोळ्या टाकते. सोबतचे हसतात, मीही हसते.

तू गेलीस तिथं हे पत्र पोचवणारी पेटी नाही, तेव्हा इथंच कबूल करते. त्या लिंबानं काहीही झालं नव्हतं, हाताला मासळीचा वास येतच होता. आणि पिठाला तर, माय, मी अजून हातच लावला नव्हता.