ठणठणीत

प्रिय मने,

तुझं पत्र मिळालं. बाळ कुशीवर वळायला लागलं हे वाचून आई कितीतरी दिवसांनी हसली. तू विचारलंस, 'बाबा तर फोनवर स्वतःच सांगतात, ठणठणीत म्हणून. मग ताई, तुझाच आवाज का पडलेला असतो?'

तुला ओतशाळा आठवते? साचा फोडून काढलेली घंटा बाबा आकड्याला टांगायचे, लाकडी हातोडीने एकच ठोका द्यायचे आणि डोळे मिटून ऐकायचे. बद्द वाजली तर पुन्हा भट्टीत. चांगली वाजली की म्हणायचे, "ठणठणीत!" आपला ताप उतरला की कपाळावर टिचकी मारून तेच. तू एकदा विचारलंस, घंटेचा शब्द माणसाला कसा? तर म्हणाले, "आत भेग नाही, ते ठणठणीत. मग घंटा असो नाहीतर तू." त्यावर आई पिठाचा रिकामा डबा वाजवून म्हणाली, "आणि हा ठणठणगोपाळ!" किती हसलो होतो गं आपण.

झटका आला तेव्हा बाबांची वाचा गेली, एवढं तुला माहीत आहे. परत आली ती हा एकच शब्द घेऊन. पाणी हवं, ठणठणीत. दिवा मालव, ठणठणीत. सुरुवातीला आम्हाला हसू यायचं, त्यांनाही. मग एकदा मी पडून पडून झालेली त्यांच्या पाठीची जखम पुसत होते, तर माझं मनगट घट्ट धरून ते ओरडले, "ठणठणीत! ठणठणीत!" डोळ्यांतून घळाघळा पाणी. त्यांना म्हणायचं असतं एक, तोंडातून निघतं हेच.

आई म्हणाली, "पोरीचे दिवस भरत आलेत, तिला यातलं काही कळवू नकोस." म्हणून तेव्हापासून, बाळ झाल्यावरही, तुझा फोन आला की आम्ही तो नुसता त्यांच्या कानाला लावायचो. मागच्या वेळी तू विचारलंस, "बाबा, मी येऊ का?" ते म्हणाले, "ठणठणीत." तू निश्चिंत होऊन फोन ठेवलास. त्यांनी मात्र तो कानापासून काढू दिला नाही. मला वाटतं, ते 'ये' म्हणत होते.

काल दुपारपासून तोही शब्द नाही. घोटभर पाणी उतरत नाही. डॉक्टरांनी मला बाहेर नेऊन सांगितलं, ज्यांना बोलवायचं त्यांना बोलवून घ्या. फोनवर हे माझ्याच्याने सांगवणार नाही, म्हणून हे पत्र आजच माणसाच्या हाती पाठवतेय. बाळाला घेऊन नीघ. आधी फोन करून त्यांना काही विचारू नकोस, मने. नुसती ये.

तुझीच,
ताई