चिन्मय बोलत नाही

१० नोव्हेंबर, सोमवार
सिद्ध काय करायचे ते आधीच लिहून ठेवते: शनिवार पेठेतल्या आमच्या वेदपाठशाळेत मुलांना कोणी त्रास देत नाही, चिन्मयच्या आईची तक्रार निराधार आहे. हेतू, म्हणजे कारणे, दोन. माधवगुरुजींनी आजवर कोणावर हात उगारलेला नाही. सहा वर्षे माझ्याकडे तर्कशास्त्र शिकले, मी त्यांना ओळखते. दुसरा: चिन्मय संथा खणखणीत म्हणतो. गुरुजी एकदा सांगतात, मुलाने दोनदा म्हणायचे. याचा आवाज रस्त्यापर्यंत येतो. भ्यालेल्या मुलाचा आवाज असा लागत नाही.
वय दहा. राहतो पाठशाळेतच, घर वारज्याला. बालसंरक्षण समितीतली बाहेरची सदस्य मी एकटीच, म्हणून चौकशी माझ्याकडे.

११ नोव्हें., मंगळ.
आई येऊन गेली. औषधाच्या दुकानात नोकरी, अर्धी रजा टाकून आलेली. म्हणणे असे की दिवाळीच्या सुट्टीत मुलगा घरी एक शब्द बोलला नाही.
"पाणीसुद्धा खुणेनं मागायचा, ताई. फटाके आणले, हसला. पण बोलला नाही."
अंगावर खुणा? नाहीत. कोणाचे नाव घेतले?
"अहो, बोलत नाही म्हणतेय ना मी! नाव कसं घेईल?"
मुद्दा बिनतोड होता. मी तो टिपून घेतला नाही. पुराव्याशिवाय आरोप टिकत नाही, एवढे सांगितले.
"टिकू नये म्हणूनच आलेय. खोटा ठरला तर पेढे वाटीन. त्याला इथे ठेवायचं की न्यायचं, ते तुमच्या कागदावर ठरवणार आहे मी."

१२ नोव्हें., बुध.
अष्टमी. अनध्याय, म्हणून पाठ बंद. चिन्मयला ग्रंथालयाच्या खोलीत भेटले. दार अर्धे उघडे. गुरुजी पूजेसाठी बिबवेवाडीला. दबावाचा प्रश्न नाही. चार प्रश्न, चारही साधे. कोणी मारते का, कोणी घाबरवते का, जेवण पुरते का, घरी जावेसे वाटते का.
एकही उत्तर नाही. माझ्याकडे सरळ पाहत होता. नखे कापलेली, धोतर स्वच्छ.
वादात उत्तर न देणे हे पराभवाचे स्थान. चाळीस वर्षे हेच शिकवले.

१३ नोव्हें., गुरु.
अहवाल. अडीच पाने. "विद्यार्थ्यास चार वेळा संधी देण्यात आली. त्याने कोणतीही तक्रार केली नाही."
पाठशाळेचे कार्यवाह खूश. "ताई, तुमची सही असल्यावर पुढे कोण काय बोलणार?"
चिन्मयच्या आईला फोन केला. निष्कर्ष वाचून दाखवला. मग, "बरं."

१५ नोव्हें., शनि.
ग्रंथालयात चष्मा विसरला होता, तो आणायला गेले. मागच्या नळावर स्वयंपाकघरात काम करणाऱ्या हौसाबाई मोठी पातेली घासत होत्या.
"आवो ताई, तुमी त्या चिन्मयला इचारलं म्हनं? त्यो कसा बोलंल? त्याला मौन हाय."
कसले मौन?
"पाठ चुकला की गुरुजी देत्यात. तीन दिस. पर गुरुजी सोता 'बोल' म्हनल्याबिगर सुटत न्हाई. बाकीच्या पोरांचं सुटलं. ह्याचं ऱ्हायलं. दिवाळीच्या आदीपासनं."
तुम्ही सांगितले का नाही?
"मला कुनी इचारलं?"
संथेला मात्र मौन लागू नाही. म्हणजे तो खणखणीत आवाज, माझा दुसरा हेतू, एवढीच त्याला असलेली मोकळीक होती. जवळजवळ एक महिना.
पायरीवर बसून राहिले. चष्मा तिथेच राहिला.

१६ नोव्हें., रवि.
गुरुजींना विचारले. लपवले काही नाही.
"मौन म्हणजे व्रत, ताई. मार नाही, उपाशी ठेवणं नाही. वाणीला वळण लागतं."
व्रत घेणारा स्वतः घेतो. तुम्ही लादलेत, ती शिक्षा. चिन्मयचे कधी सोडलेत?
गुरुजी बोटांवर दिवस मोजू लागले. मध्येच थांबले. "दिवाळीला मी गावी गेलो, आणि सोडायचं राहूनच गेलं."
मुलाला बोलावले. "सुटलं, बाळा. बोल. बोल ना."
चिन्मयने वाकून नमस्कार केला. बोलला नाही. गुरुजी रडले. मी नाही, मुलाला त्याचा काय उपयोग?
मी निघताना गुरुजी म्हणाले, "तुमच्या वर्गात उत्तर आलं नाही की तुम्ही म्हणायचात, सुचेपर्यंत तोंड उघडू नका. मी एकदा दोन दिवस उघडलं नव्हतं."
मला आठवत नाही. आठवत नाही म्हणून घडले नाही, असा निष्कर्ष निघत नाही.

१७ नोव्हें., सोम.
अहवाल लेखी मागे घेतला. नवा दिला: मौनाची शिक्षा आजपासून बंद. निर्णय होईपर्यंत गुरुजींचा मुलांच्या निवासाशी संबंध नको. दर अनध्यायाला बाहेरच्या जाणत्या व्यक्तीने मुलांना भेटावे. कोणतीही चौकशी असली की हौसाबाईंनाही विचारावे.
कार्यवाह: "आता काय राहिलं, ताई? मौन तर सुटलं."
मूल बोलले का?
त्यांनी कागदाची घडी घातली. "बैठकीत ठेवू."
चिन्मयला आई सकाळीच घरी घेऊन गेली. मला भेटली नाही. भेटण्याचे कारणही नव्हते.

२१ नोव्हें., शुक्र.
प्रतिपदा. वारज्याला गेले, आधी फोन करून, या म्हटल्यावर. तिसरा मजला. मुलांच्या डॉक्टरांकडे मंगळवारची वेळ मिळाली आहे, असे आईने सांगितले. संध्याकाळी एकटाच गॅलरीत बसून पाठ म्हणतो. बाकी खुणा.
"विचारा आता त्याला काय ते." आवाजात धार होती. हक्काची.
विचारणार नाही म्हणाले. येताना वाटेत एक युक्ती सुचली होती: संथेसारखे एकेक वाक्य सांगावे, "मला त्रास झाला," आणि तो म्हणेल. पण ते वाक्य माझे झाले असते, त्याचे नव्हे.
तो समोर सतरंजीवर. मी एवढेच म्हणाले, "माझी चूक झाली."
त्याने मांडी सावरली, पाठ ताठ केली. "माझी चूक झाली. माझी चूक झाली." खणखणीत.
"तुझी नाही रे."
"तुझी नाही रे. तुझी नाही रे."
आई स्वयंपाकघराच्या दारात, हात पिठाचे. "बोलला!"
"म्हणाला," मी म्हटले. "बोलला नाही अजून."
तो पुढच्या वाक्याची वाट पाहत होता. मला एकही सुचले नाही. निरुत्तर होऊन त्याच्यासमोर बसले, चहा निवेपर्यंत.
सिद्ध करायचे होते ते सिद्ध झाले नाही. चूक एक, माझी: बोलण्याची मनाई असलेल्या मुलाचे गप्प राहणे मी त्याचे उत्तर म्हणून लिहिले.
— सरोज लिमये